सावंतवाडीचं घर सोडून म्हापशात फ्लॅट घ्यावा का?

तुमचा मेल वाचला. राहता सावंतवाडीत, नोकरी गोव्यात म्हापशाजवळच्या करासवाड्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, हातात ७२ हजार, रोज बाईकने जाऊन-येऊन ९० किमी, मुलगी सातवीत आणि तिला डॉक्टर व्हायचंय. म्हापशाला ५५ लाखांचा टू बीएचके बघितलाय, १३ लाख तुमचे, ४२ लाख लोन, कारण गोव्यात लाईफ चांगली आहे असं सगळे सांगतात.

दादा, मी आत्ता तरी नको म्हणेन. गोव्याचा पगार तुम्हाला आधीच मिळतोय आणि खर्च मात्र सावंतवाडीचा आहे, घरभाडं नाही, आईवडील सोबत. प्रोफेशनल टॅक्स गोव्यात नाही तो तुमचा आताच वाचतोय, पेट्रोल तुम्ही पत्रादेवीला गोव्याची हद्द ओलांडूनच स्वस्तात भरता असं लिहिलंय, आणि इन्कम टॅक्स दोन्हीकडे सारखाच. मग फ्लॅट घेऊन नवीन काय मिळणार, तर फक्त प्रवास वाचणार. पेट्रोलला महिना पाचेक हजार जातात, आणि साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा ईएमआय बसतो साडेछत्तीस हजार, म्हणजे अर्धा पगार गेला. वर सोसायटीचा मेंटेनन्स वेगळा. आणि रजिस्ट्रेशन फी महाराष्ट्रात जास्तीत जास्त ३० हजार असते, गोव्यात ती किमतीच्या टक्क्यात लागते, तेव्हा स्टॅम्प ड्युटी धरून तुमचे १३ लाख पुरणारच नाहीत.

मला खरी काळजी मुलीची वाटते. महाराष्ट्रात एमबीबीएसच्या स्टेट कोट्याला डोमिसाईल लागतं आणि दहावी-बारावी इथूनच झालेली लागते. गोव्यात साधारण दहा वर्षांचं वास्तव्य लागतं. ती आत्ता तिकडे गेली तर बारावीपर्यंत पाच-सहा वर्षंच होतील, म्हणजे इकडचा कोटा गेला आणि तिकडचा मिळाला नाही, अशी अधांतरी अवस्था, आणि तेही आपल्याच जिल्ह्यात ओरोसला २०२१ पासून सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालेलं असताना! प्रायव्हेट कॉलेजची फी बघितलीत तर फ्लॅटची रक्कम छोटी वाटेल.

दवाखान्याचंही तसंच आहे. बांबोळीचं जीएमसी, म्हणजे गोव्याचं सरकारी मेडिकल कॉलेज, चांगलंच आहे, आपली सिंधुदुर्गातली माणसं सिरियस पेशंट तिकडेच नेतात, पण गोव्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य योजनेच्या कार्डाला पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. तुमचं रेशनकार्ड इथे आहे तोवर महात्मा फुले योजनेचं पाच लाखांचं कव्हर आहे, ते उगाच हलवू नका. आणि बायकोने विचारलेल्या गृह आधारला, म्हणजे गृहिणींना दरमहा पैसे देणाऱ्या गोवा सरकारच्या योजनेला, तर १५ वर्षांचं वास्तव्य लागतं.

पण रोजचे अडीच तास हायवेवर, पावसाळ्यात अंगावर पाणी उडवत जाणारे ट्रक, घरी पोचेपर्यंत पोरगी झोपलेली, हे तुम्ही लिहिलंय ते मी हलक्यात घेत नाही. माणूस थकतो त्याने. म्हणून जून ते सप्टेंबर करासवाड्याजवळ एखाद्या कलीगसोबत रूम शेअर करा, शनिवारी घरी या. फ्लॅटचा विचार मुलीची बारावी झाली की करा, तोवर महिना १५ हजारांची एसआयपी लावा, डाऊन पेमेंट तरी मोठं होईल.

आणि तुमच्या मेलमध्ये टर्म इन्शुरन्सचा कुठे उल्लेखच नाही. रोज ९० किमी बाईक चालवणाऱ्या, घरात एकट्याच्या कमाईवर चाललेल्या माणसाला एक कोटीचं कव्हर हवंच हवं, ते याच महिन्यात घ्या, एसआयपीच्याही आधी.