जनरेटर चालतो, पण पंप उचलत नाही

प्रश्न : आमच्याकडे अडीच केव्हीएचा पेट्रोल जनरेटर आहे. फ्रिज, पंखे, दिवे चालतात; पण विहिरीवरचा एक एचपीचा पंप लावला की मोटर नुसती घूं घूं करते आणि जनरेटर दबतो. शिवाय एकजण म्हणतो, दोन्ही टोकांना पिना लावलेली वायर करून जनरेटर सरळ घरातल्या प्लगला जोडा. चालेल का?
– एक वाचक, दापोली

उत्तर : आधी पंपाचं. अडीच केव्हीए म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम ११ अँपिअर. एक एचपीची सिंगल फेज मोटर चालताना साधारण ६-७ अँपिअर घेते, त्यामुळे कागदावर हिशेब बसतो. पण उचलताना तीच मोटर क्षणभर चार-पाच पट, म्हणजे तीसेक अँपिअर मागते. व्होल्टेज कोसळतं, मोटर अडकते आणि तो जादा करंट वाइंडिंगमधून वाहत राहतो. घूं घूं ऐकू आलं की दोन-तीन सेकंदांत बंद करा, नाहीतर मोटर जळेल. मोटरला उचलायला जोर देणारा कपॅसिटर तपासून घ्या. तो उतरला असेल तर मेनवरही मोटर जड उचलते. तो ठीक असेल तर पाच केव्हीएचा सेट घ्या किंवा पंप अर्ध्या एचपीचा बसवा. घेताना ‘रेटेड’, म्हणजे सतत देता येणारा आकडा बघा. खोक्यावर ठळक छापलेला बहुधा ‘मॅक्स’, म्हणजे थोडाच वेळ झेपणारा असतो. आणि चालू करताना पंप आधी, फ्रिज नंतर.

दोन पिनांची वायर अजिबात नको. मेन स्विच पाडायचा राहिला की वीज उलटी डीपीकडे जाते आणि ट्रान्सफॉर्मरमधून ११,००० व्होल्ट होऊन तारांवर चढू शकते. २०२० च्या निसर्ग वादळानंतर तुमच्याच भागात किती दिवस वायरमन खांबांवर होते, आठवा. शिवाय वायर निसटली तर उघडी पिन जिवंत असते, आणि लाइट आली की जनरेटर जळतो तो वेगळाच.

मीटरनंतर ३२ अँपिअरचा डबल पोल चेंजओव्हर स्विच बसवा : मेन, मध्ये बंद, जनरेटर. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणाराच हवा. लहान जनरेटरचं न्यूट्रल बहुधा मोकळं, म्हणजे अर्थिंगला न जोडलेलं असतं, म्हणून टेस्टर दोन्ही तारांवर मंद पेटतो. हा फॉल्ट नाही. पण अशा वेळी आरसीसीबीच्या (करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचच्या) भरवशावर राहता येत नाही. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हरच्या आधी, जनरेटरच्या बाजूचं न्यूट्रल अर्थिंगला जोडून घ्या.

प्रश्न : पावसात भिजू नये म्हणून जनरेटर पडवीतच चालवतो. मध्ये चार महिने बंद होता, आता स्टार्टच होत नाही.
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : पडवीतून आधी बाहेर काढा. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि उघड्या खिडकीतून तो झोपलेल्या माणसांपर्यंत पोचतो. घरापासून वीसेक फूट लांब, चारी बाजूंनी मोकळं छप्पर करा, धुराचं तोंड घराकडे नको.

स्टार्ट न होण्याचं कारण बहुतेक कार्बोरेटरमध्ये आहे. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा धरतो, आणि कार्बोरेटरच्या वाटीत सुकलेल्या पेट्रोलचा चिकटा जेटचं, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या नळीचं, बारीक भोक बुजवतो. पेट्रोलचा कॉक बंद करा, वाटीखालचा स्क्रू सैल करून जुनं पेट्रोल बाटलीत घ्या. तळाशी पाण्याचे थेंब दिसले तर टाकीही रिकामी करावी लागेल. ताजं पेट्रोल भरून, चोक ओढून बघा. तरी नाहीच तर जेट काढून कार्ब क्लीनरने उडवा. तारेने टोकरू नका, भोक मोठं होतं. ऑइलही बघा : पातळी कमी असली तर बऱ्याच सेटमध्ये सेन्सर स्पार्कच देत नाही. पुढच्या वेळी ठेवताना कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवा, आणि महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं थोडा लोड देऊन फिरवा.