सांगलीत पोलीस गाडीने धडक दिली, चूक चालकाची होती. भरपाई मिळते का?

हो, मिळते. खाकी बघून गप्प बसू नका.

माझ्या मामांच्या लुनाला अशाच एका गाडीने मिरज रोडला ठोकलं होतं. चालकाने आरशात न बघता गाडी मागे घेतली. डब्यातली भाकरी रस्त्यावर सांडली, घोटा मोडला. 'पोलिसांशी कोण भांडणार' म्हणून मामांनी सोडून दिलं. आजही जिना उतरताना ते कठड्याला धरून उतरतात, आणि ते बघून मला फार वाईट वाटतं.

सरकारी कामावर असलेल्या चालकाच्या निष्काळजीपणाला सरकार जबाबदार असतं, हे सुप्रीम कोर्टाने 1962 मध्येच विद्यावती खटल्यात सांगितलंय. त्या खटल्यात धडक देणारी गाडीही सरकारीच, कलेक्टरची जीप होती. सरकारी गाड्यांना विम्याच्या सक्तीतून सूट असते, त्यामुळे गाडीचा विमा नाही असं ऐकून मागे फिरू नका. दावा थेट राज्य सरकार आणि चालकावर लावायचा, विजयनगरच्या जिल्हा न्यायालयातल्या मोटार अपघात न्यायाधिकरणात. शक्यतो सहा महिन्यांच्या आतच.

त्याआधी गुन्हा नोंदवा. बेदरकार चालवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम 281 लागतं, मृत्यू झाला तर 106, त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा. ठाण्यात टाळाटाळ झाली तर लेखी अर्ज पोलीस अधीक्षकांकडे, तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे. गाडीचा नंबर, जागेचे फोटो आणि आसपासच्या दुकानांचं सीसीटीव्ही फुटेज मात्र आजच गोळा करा, कारण फुटेज काही दिवसांतच पुसलं जातं.

सायरन चालू होता, हे उत्तर पुरेसं नाही. सायरन लावला तरी काळजी घ्यावीच लागते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 210ब प्रमाणे नियम राबवणाऱ्यानेच नियम मोडला तर दंड दुप्पट आहे.