वाचक विचारतात : नव्या संसद भवनाबद्दल

प्रश्न : लोकसभेवर निवडून येणारे खासदार ५४३. मग दिल्लीच्या नव्या भवनात लोकसभेला ८८८ आसनं कशाला?

उत्तर : मतदारसंघांची फेररचना झाली की जागा वाढतील, हे गृहीत धरून. राज्यवार जागावाटप १९७१च्या जनगणनेवर गोठवलेलं होतं. ८४व्या घटनादुरुस्तीनं त्या गोठवणुकीची मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवली. भवन बांधलं तेव्हा घटनेच्या कलम ८१मध्ये लोकसभेच्या निवडून येणाऱ्या जागांची कमाल मर्यादा होती ५५०. म्हणजे खुर्च्या आधी मांडल्या, माणसं किती हे ठरायचंच होतं. दक्षिणेतल्या राज्यांची धास्ती इथूनच वाढली : लोकसंख्या आटोक्यात ठेवली आम्ही, आणि वाटा घटणार आमचाच!

जुन्या इमारतीत अडचण नव्हती असं मात्र नाही. दुसऱ्या रांगेच्या मागे बसणाऱ्यांना समोर डेस्कच नसे. सेंट्रल हॉलमध्ये आसनं सुमारे ४४० आणि दोन्ही सभागृहांचे खासदार मिळून साडेसातशेच्या वर, त्यामुळे संयुक्त बैठकीला जादा खुर्च्या आणाव्या लागत. नव्या भवनात सेंट्रल हॉल नाहीच; संयुक्त बैठक लोकसभेच्या दालनात होते, तिथे १२७२ जणांची सोय आहे. सत्ताधारी-विरोधक चहा घेता घेता दोन शब्द बोलत, ती जागा गेली. हा तोटा नकाशावर दिसत नाही, पण लहान नाही.

प्रश्न : सर्वोच्च न्यायालयानं हिरवा कंदील दाखवला, मग वाद उरला कशाचा?

उत्तर : निकाल एकमताचा नव्हता. ५ जानेवारी २०२१ रोजी न्या. खानविलकर आणि न्या. माहेश्वरी यांनी प्रकल्प वैध ठरवला. न्या. संजीव खन्ना यांनी जमीन-वापर बदलाला हरकत घेतली : लोकांपुढे पुरेशी माहिती ठेवली नाही, वारसा समितीची पूर्वपरवानगी घेतली नाही. आमच्या मते इमारतीच्या रूपावरच्या टीकेपेक्षा हा आक्षेप वजनदार आहे.

प्रश्न : एवढं नवं भवन गळलं कसं?

उत्तर : ३१ जुलै २०२४ रोजी लॉबीत पाणी ठिबकलं आणि खाली बादली ठेवावी लागली. लॉबीवरच्या काचेच्या घुमटाचं चिकटद्रव्य थोडं सरकलं होतं, असा लोकसभा सचिवालयाचा खुलासा. काच आणि धातूची चौकट उन्हात सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. तो सगळा ताण सांध्यातल्या सीलंटवर, म्हणजे फट बुजवणाऱ्या चिकटद्रव्यावर, येतो. असे सांधे पावसाळ्याआधी पाइपनं पाणी मारून तपासावेत. सुटलेल्या सीलंटवर नवा थर थापला तर तो टिकत नाही. जुनं खरवडून, सांधा पुसून कोरडा करून मगच नवं भरायचं.