लिनक्समध्ये यूएसबी यंत्र काढल्यावर त्याचं मॉड्यूल (ड्रायव्हरचा तुकडा) उतरवायची घाई कशाला?

आधी हे ध्यानात घे भावा: यूएसबी खोचलं की कर्नल (लिनक्सचा गाभा) त्याची ओळख पुकारतो, युडेव्ह (यंत्रं जोडली-काढली की कामाला लागणारा प्रोग्राम) ऐकतो आणि जुळणारं मॉड्यूल चढवून घेतो. काढल्यावर मात्र ते आपोआप उतरत नाही. राहू दे की, जराशी मेमरी खातं, बस. उतरवायचंच असेल तर युडेव्हच्या नियमात 'रिमूव्ह' (यंत्र काढल्याची घटना) पकडून 'मॉडप्रोब -आर' (मॉड्यूल उतरवायची आज्ञा) चालव. तिथं एटीटीआर (यंत्राकडून वाचलेले गुणधर्म) जुळवू नको, यंत्र गेलेलं असतं. ईएनव्हीमधलं (घटनेसोबत आलेल्या माहितीतलं) प्रॉडक्ट, म्हणजे यंत्राचा ओळख क्रमांक, जुळव.

आणि दर वेळी दोष मॉड्यूलचाच नसतो. लातूरजवळ आमच्या विहिरीच्या मोटारीसाठी सीएच३४० चिपचा (यूएसबीवरून सिरीयल पोर्ट देणारा) बोर्ड लावला, तर पोर्ट दिसून लगेच गायब! अर्धा दिवस केबलला शिव्या घातल्या. डीमेसग (कर्नलच्या नोंदी) पाहिलं, तर उबुंटू २२.०४ मधल्या बीआरएलटीटीनं, म्हणजे ब्रेल डिस्प्लेच्या प्रोग्रामनं, तो बळकावलेला. ड्रायव्हर बिचारा बरोबरच होता.