ओल्दोइन्यो लेंगाई : चढणीपेक्षा उतरणीची तयारी करा

ऑगस्टमध्ये टांझानियात सफारीला जाताय, मधे दोन दिवस मोकळे आहेत आणि हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेनं केलाय, तर तिथला ओल्दोइन्यो लेंगाई हा ज्वालामुखी चढायला जमेल का, असं तुम्ही विचारलंय. दमसास पुरेल. पण आपल्याला सवय सह्याद्रीच्या कातळाची, तिथे हाताला पक्की खोबण मिळते. लेंगाईवर सगळी राख आणि घसारा. एक पाऊल टाकलं की अर्धं मागे येतं.

शिखर २,९६२ मीटर, म्हणजे विरळ हवेचा त्रास फारसा नाही. पण एका रात्रीत साधारण १,६०० मीटर चढायचं, म्हणजे समुद्रसपाटीपासून थेट कळसूबाईच्या माथ्यावर जाण्याइतकं! दिवसा ऊन असह्य होतं, सावली नावालाही नाही, म्हणून मध्यरात्रीच्या सुमारास निघतात. डोंगरावर पाण्याचा थेंब नाही. माणशी चार लिटर घ्या, आणि त्यातलं निम्मं उतरणीसाठी राखून ठेवा.

मी शेवटचा टप्पा अक्षरशः चार पायांवर चढलो. पहाटे विवराच्या काठावर पोचलो तेव्हा खालून पाणी हिंदकळल्यासारखा आवाज येत होता. तो लाव्हा होता! जगात सोडायुक्त कार्बोनेटाइट, म्हणजे मुख्यतः कार्बोनेट क्षारांचा, लाव्हा ओकणारा हा एकच जागता ज्वालामुखी. आपला दख्खनचा बेसॉल्ट, म्हणजे सह्याद्रीचा काळा कातळ, वितळलेला होता तेव्हा हजार अंशांच्या वर होता. हा लाव्हा जेमतेम पाचशे-सहाशेला, पाण्यासारखा पातळ आणि काळा. थंड झाल्यावर दमट हवेनं तो पांढरा पडतो, म्हणून लांबून माथ्यावर बर्फ असल्याचा भास होतो. २००७-०८च्या उद्रेकाआधी लोक विवराच्या तळावर चालत. आता तिथे खोल खड्डा आहे. फोटोसाठी काठाच्या टोकाला जाऊ नका, कडा भुसभुशीत आहे.

उतरणीत माझा खरा कस लागला. कडक राखेवर बारीक खडे, बॉलबेअरिंगवर चालावं तसं. दोनदा बसकण मारली, दुसऱ्यांदा हात टेकला आणि तळव्याची साल निघाली. हातमोजे पिशवीत होते. तुम्ही ते पहिल्या पावलापासून घाला. घोट्यावर गेटर (बुटात खडे जाऊ नयेत म्हणून बांधायचं आवरण), नाकातोंडावर रुमाल, दोन काठ्या, हेडलॅम्पची जादा बॅटरी हवीच.

मसाई वाटाड्या घ्याच. या लोकांसाठी हा देवाचा डोंगर आहे, नावाचा अर्थच तो. आमचा वाटाड्या दर वळणावर मागे बघून 'पोले पोले' म्हणायचा, म्हणजे हळूहळू. ढग उतरले किंवा धूर वाढला आणि तो परत फिरू या म्हणाला, तर मुकाट फिरा.

दोन दिवस पुरतात, पण तिसरा मिळाला तर उत्तम. अरुशा शहराहून डोंगराजवळच्या नेट्रॉन सरोवरापर्यंतच जीपनं पाच-सहा तास जातात, तेही खडखडत. तिसरा दिवस असेल तर त्या रात्रीच चढू नका. तुमच्यापैकी कुणाचे गुडघे दुखत असतील तर त्यांनी खाली सरोवराकाठीच थांबावं, तिथले फ्लेमिंगो बघण्यात सकाळ कशी गेली कळणार नाही.