पडजीभ वर, स्वरयंत्र खाली : किती आणि कसं?

प्रश्न : तार षड्जाकडे (वरच्या सप्तकातल्या ‘सा’कडे) जाताना माझा आवाज नाकात जातो आणि गळा आवळतो. ‘पडजीभ उचल, स्वरयंत्र खाली ठेव’ असं मला सांगतात. पण स्वरयंत्र खाली दाबलं की आवाज कोंडतो. चुकतंय कुठे?

उत्तर : दाबण्यातच. पण आधी नाकाचं बघू.

मध्य सप्तकात ‘आ’ लावून धरा आणि नाकपुड्या चिमटीत दाबून सोडा. आवाज बदलला, तर मृदू तालू, म्हणजे टाळूचा मागचा, पडजीभ जिथे लोंबते तो मऊ भाग, पुरेसा उचललेला नाही आणि हवा नाकात निसटते आहे. बदलला नाही, तर तालूच्या मागे लागू नका. बहुधा जिभेचा मागचा भाग फुगून घसा अडवतो आहे. कानाला दोन्ही दोष सारखेच वाटतात, उपाय मात्र वेगळे आहेत.

तालू ‘उचल’ म्हटल्यानं उचलला जात नाही. ते काम व्यंजनं करतात. ‘ङ’ला तो खाली असतो, ‘ग’ला वर जातो. म्हणून दोन सेकंद ‘ङ’ धरा, तिथूनच ‘गा’वर उघडा आणि तालू तसाच ठेवून ‘आ’ लांबवा. सा ते प, प्रत्येक स्वरावर, जबडा न ताणता.

आता स्वरयंत्र. कंठमण्यावर हलकं बोट ठेवून गिळा, ते वर उडी घेतं. जांभईच्या सुरुवातीला खाली येतं. स्वर उंचावतो तो स्वरतंतू ताणले गेल्यानं, त्यासाठी स्वरयंत्र चढावं लागत नाही. ते चढलं की घशाची पोकळी आखूड होते, गिळण्याचे स्नायू आवळतात आणि आवाज बारीक, चपटा होतो. तार सप्तकात थोडं सरकलं तर चालेल. गिळताना जातं तितकं जाऊ नये, एवढंच.

दाबलं की जिभेचं मूळ मागे रेटलं जातं, म्हणून आवाज कोंडतो. हनुवटीखाली अंगठा लावा. तो भाग टणक लागला, तर दाबणं चालू आहे. जिभेचं टोक खालच्या दातांना टेकवा, जांभई येऊ घातल्यासारखा आवाज न करता श्वास घ्या आणि त्याच मोकळ्या घशानं निम्म्या आवाजात गा. जोडीला ५-६ मिलिमीटरची स्ट्रॉ पाण्यात २-३ सेंटिमीटर बुडवून सा-प-सा अशी मींड (स्वर न तोडता घसरत जाणं) ३-४ मिनिटं घ्या. बुडबुडे जिथे तुटतात, तिथेच बहुतेक वेळा गळा आवळतो. त्या स्वराखालूनच काम सुरू करा. दुखलं तर लगेच थांबा.

प्रश्न : ऑपेरा गायक स्वरयंत्र बरंच खाली ठेवतात. ख्यालासाठी तसं करावं का?

उत्तर : नको. त्यांना मायक्रोफोनशिवाय वाद्यवृंदावरून ऐकू जायचं असतं. खालचं स्वरयंत्र आणि रुंद घसा यांमुळे सुमारे ३००० हर्ट्झच्या आसपास आवाजाला धार येते. ख्यालात त्याच ठेवणीनं ‘आ’ गडद होतो आणि द्रुत तानेचा दाणा, म्हणजे प्रत्येक स्वराचा सुटेपणा, पुसट होतो. स्वरयंत्र बोलताना असतं त्याच्या आसपास, मोकळं राहू द्या.