पुस्तकाच्या मागे येते ती सूची, अनुक्रमणिका पुढेच

प्रश्न असा आहे. शेतीवरच्या एका अनुवादित पुस्तकाच्या मुद्रितांत (छपाईआधी तपासायच्या पानांत) सुरुवातीला 'अनुक्रमणिका' आहे आणि शेवटच्या आठ पानांवर, जिथे विषय आणि त्यांचे पृष्ठक्रमांक दिले आहेत, तिथेही मथळा 'अनुक्रमणिका' असाच आहे. अनुवादकाने मागच्या पानांसाठी 'निर्देशांक' सुचवलं, संपादकांना 'विषयसूची' हवं. बरोबर काय?

उत्तर आधी सांगतो: पुढे अनुक्रमणिका, मागे सूची. 'सूची' फार मोघम वाटली तर 'निर्देशसूची' किंवा 'शब्दसूची' म्हणा. 'निर्देशांक' मात्र मुळीच नको.

अनुक्रम म्हणजे एकामागून एक. पुस्तकात प्रकरणं ज्या क्रमाने आली, त्याच क्रमाने ती सांगते ती अनुक्रमणिका. हा अर्थ फार जुना आहे. कात्यायनाची 'सर्वानुक्रमणी' ऋग्वेदातल्या प्रत्येक सूक्ताचं आरंभीचं पद, ऋचांची संख्या, ऋषी, देवता आणि छंद सांगते, आणि ते सगळं संहितेतल्या क्रमाने. महाभारताच्या आदिपर्वातलं पहिलंच उपपर्व अनुक्रमणिकापर्व आहे, तेही ग्रंथाच्या तोंडाशी. म्हणजे या शब्दात क्रम आहे, पण तो लेखकाने ठरवलेला.

सूचीचा क्रम लेखकाचा नसतो. तांबेरा हा पिकाचा रोग पुस्तकात कुठे आला आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याला 'त'वर जाऊन तो सापडला पाहिजे. 'सूच्' म्हणजे दाखवणं. सूचना, सूचक, सूचित ही सगळी त्याच घरातली. 'सूची'चा दुसरा अर्थ सुई, आणि मराठी 'सुई' हा शब्द त्यातूनच आला आहे. भूगोलातली सूचिपर्णी वनं म्हणजे सुईसारख्या पानांची वनं. पुस्तकाची सूचीही सुईच्या टोकासारखी एका पानावर नेमकं बोट ठेवते. (हे लक्षात ठेवायला सोपं म्हणून सांगतो, व्युत्पत्ती म्हणून खपवू नका.)

ज्यांनी महाराष्ट्रात घर घेतलं आहे त्यांच्या कपाटात हा शब्द आधीच आहे. खरेदीखताची नोंदणी झाल्यावर मिळणारं 'इंडेक्स टू', त्याच्या माथ्यावर 'सूची क्र. २' असं छापलेलं असतं. १९०८च्या नोंदणी कायद्यात सूची क्रमांक १ व्यक्तींच्या नावांची आणि क्रमांक २ मिळकतींची. ग्रंथाच्या भाषेत सांगायचं तर एक नामसूची आणि दुसरी स्थलसूची. दुय्यम निबंधक कार्यालयाने हा भेद नीट पाळला आहे, आपले प्रकाशक का पाळत नाहीत हा प्रश्नच आहे.

गोंधळाचं एक कारण हिंदी आहे. हिंदी पुस्तकात 'विषय-सूची' बहुधा सुरुवातीला असते, म्हणजे आपली अनुक्रमणिका. आणि 'अनुक्रमणिका' बऱ्याचदा शेवटी, म्हणजे आपली सूची. दोन्ही भाषांत शब्द तेच, जागा नेमक्या उलट. हिंदीवरून केलेल्या अनुवादात किंवा हिंदी साच्यावर बेतलेल्या डीटीपीत ही अदलाबदल न कळत येते. संपादकांची 'विषयसूची' मराठीत चूक नाही, पण तिचा अर्थ मर्यादित आहे: व्यक्ती आणि ठिकाणं वगळून फक्त विषयांची सूची. तुमच्या आठ पानांत पिकं, रोग, अवजारं, गावं आणि शास्त्रज्ञ एकत्र असतील तर ती विषयसूची नव्हे.

'निर्देशांक' म्हणजे आकडा. महागाई मोजणारा ग्राहक किंमत निर्देशांक, शेअर बाजाराचा निर्देशांक. पुस्तकाच्या शेवटी हा शब्द दिसला की ओळखावं, अनुवादकाने 'इंडेक्स'चा इंग्रजी शब्दकोशातला पहिला अर्थ उचलला, किंवा यंत्राने उचलला आणि याने तो पाहिला नाही.

'सूची'वर एक आक्षेप घेतात आणि तो खोटा नाही: हा शब्द नुसत्या यादीसाठीही वापरतात. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत संघसूची, राज्यसूची, समवर्ती सूची आहेत. त्यांत पृष्ठांचा काही संबंध नाही. शंकर गणेश दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'चा पहिला भाग १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची नोंद करतो. ती पुस्तकांची वर्गीकृत यादी आहे. (महाराष्ट्र शब्दकोशाचे दाते वेगळे, ते यशवंत रामकृष्ण.) 'संदर्भसूची' हीदेखील यादीच. म्हणून ज्या पुस्तकात शेवटी संदर्भसूचीही आहे, तिथे दुसरीला नुसतं 'सूची' न म्हणता 'निर्देशसूची' म्हणावं. उलट केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशात २३ खंडांपैकी एक अख्खा खंड सूचीला दिला आहे, आणि तिथे नुसतं 'सूची' म्हटल्याने कुणाचं काही अडलं नाही.

लेखनाबद्दल: सुटा शब्द 'सूची', पण 'सूचिकार', 'सूचिपत्र'. कवी–कविराज, बुद्धी–बुद्धिबळ यांच्यासारखंच. संस्कृतात सूचि आणि सूची ही दोन्ही रूपं असल्याने 'सूचीकार' लिहिणाऱ्याला चूक ठरवता येत नाही. एका पुस्तकात एकच रूप असलं म्हणजे झालं.

मथळा बदलून काम संपत नाही, कारण सूचीचा जीव क्रमात असतो. जुन्या मराठीत वर्णमालेच्या या क्रमाला सुंदर शब्द आहे: अकारविल्हे. विल्हे म्हणजे लावणी, व्यवस्था, विल्हेवाटीतलं तेच. पण मराठीत अकारविल्हे म्हणजे नेमकं कसं, यावर एकमत नाही, आणि निम्म्या सूच्या इथेच बिघडतात.

पहिला पेच अनुस्वाराचा. मराठी विश्वकोशाची पहिली नोंद 'अंक', म्हणजे अनुस्वार असलेलं अक्षर बाकीच्यांच्या आधी. शाळेतल्या बाराखडीत मात्र 'अं' शेवटून दुसरा. तिसरी रीत संस्कृत कोशांची: 'अंक'ला 'अङ्क' मानून ङच्या जागी बसवायचं. सामान्य वाचकाच्या पुस्तकाला विश्वकोशाची रीत बरी, शोधायला सर्वांत सोपी.

दुसरा पेच क्ष आणि ज्ञ यांचा. विश्वकोशाची शेवटची नोंद 'ज्ञेयवाद' आहे, म्हणजे ज्ञ अगदी शेवटी, शाळेच्या तक्त्याप्रमाणे. आपट्यांच्या संस्कृत कोशात ज्ञान शोधायचं तर 'ज'मध्ये जावं लागतं. मराठी वाचक 'क्षारपड जमीन' शेवटीच शोधेल, तेव्हा तिथेच ठेवा.

संगणकाला हे काही ठाऊक नसतं. युनिकोडच्या, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेल्या, सांकेतिक क्रमांकांवर शब्द लावणारं साधं सॉफ्टवेअर क्ष म्हणजे क आणि ष असं धरतं, म्हणून 'क्षार' हा 'कौल'च्या मागे पण 'खत'च्या आधी येऊन बसतो. ळ तिथे ल आणि व यांच्या मध्ये आहे, आपल्या वर्णमालेत हनंतर. त्यामुळे 'काळा'ची जागा 'कावड'च्या आधी की 'काहिली'च्या नंतर, हे त्या सॉफ्टवेअरवर ठरतं. सगळ्यांत वाईट दशा 'ॲ'ची. हे अक्षर युनिकोडमध्ये उशिरा आलं आणि त्याचा क्रमांक सगळ्या व्यंजनांच्या, अंकांच्याही पुढचा आहे. साध्या क्रमवारीत 'ॲझोला' थेट शेवटी, हच्याही मागे. त्याच पुस्तकात दुसऱ्या टंकलेखकाने अ काढून त्यावर चंद्र दिला असेल तर तो 'ॲझोला' अच्या विभागात जाईल. छापल्यावर दोन्ही दिसतात सारखे, सूचीत मात्र एका वनस्पतीच्या दोन नोंदी. 'दऱ्या', 'शेतकऱ्यांचे' यांतला ऱ्यही असाच दोन प्रकारे टंकला जातो. म्हणून आधी शोध-बदल करून ही अक्षरं एकसारखी करून घ्यायची आणि मगच क्रम लावायचा.

सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवण्याआधी सात शब्दांची परीक्षा घ्या: अंकुर, ॲझोला, कावड, काळा, क्षार, ज्वारी, ज्ञान. हे कुठे पडतात ते पाहिलं की पुढची सगळी हातदुरुस्ती किती ते कळतं. मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असेल तर तिथे क्रम लावायच्या फंदातच पडू नका. त्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकतात, त्यामुळे विहीर, किडी, निंदणी आणि सिंचन सगळे एका कोपऱ्यात गोळा होतात.

सूची करायची कधी? पानं पक्की झाल्यावर, म्हणजे शेवटच्या मुद्रितांवर. एक चित्र मागेपुढे झालं तरी पुढचे सगळे पृष्ठक्रमांक एकाने हलतात. नोंदी निवडण्याचं काम आधी करून ठेवता येतं, आकडे मात्र शेवटीच.

पीडीएफमध्ये शब्द शोधून सूची करणाऱ्यांना मराठीचं व्याकरण हमखास फसवतं. इंग्रजीत शब्द बहुधा जसाच्या तसा सापडतो. आपल्याकडे विभक्ती लागली की सामान्यरूप होतं. 'कापूस' शोधलं तर 'कापसाची वेचणी' सुटते. 'गहू' शोधून 'गव्हावरचा' मिळत नाही, 'विहीर' शोधून 'विहिरीचं' मिळत नाही. म्हणून शब्द न शोधता दोन्ही धडं शोधायची: कापूस आणि कापस, गहू आणि गव्ह, विहीर आणि विहिर. 'पुणे'साठी 'पुण्य' शोधावं लागतं, आणि मग पुण्यातल्या बाजारासोबत पुण्याईही हाती लागते. म्हणूनच यंत्राने शोधलेलं प्रत्येक पान माणसाने उघडून पाहायचं. शिवाय शब्द न येताही विषय येतो: 'पानांवर नारिंगी पुरळ दिसू लागले' या वाक्यात तांबेरा हा शब्द नाही, पण नोंद तिथलीच हवी.

एका नोंदीपुढे सहा-सातपेक्षा जास्त पृष्ठक्रमांक ओळीने आले तर ती नोंद फोडा. 'गहू १२, १५, १९, २३, ४०, ६१, ६२, ७७, ९०' याचा वाचकाला उपयोग शून्य. त्याखाली 'तांबेरा ६१–६२', 'पेरणी १५', 'साठवण ९०' असं पोटात द्या. चर्चा सलग दोन पानांवर असेल तर ६१–६२. दोन्ही पानांवर नुसता ओझरता उल्लेख असेल तर ६१, ६२. हा फरक बहुतेक सूच्यांत पाळलेला नसतो.

व्यक्ती आडनावाने लावा: 'केतकर, श्रीधर व्यंकटेश'. पण ज्ञानेश्वर ज्ञवर, तुकाराम तवर, शिवाजी महाराज शवर. तिथे आडनाव आणणं हास्यास्पद होतं. पंडिता रमाबाई 'रमाबाई, पंडिता' अशा. एखादं नाव दोन ठिकाणी शोधलं जाईल असं वाटलं तर एकीकडे आकडे आणि दुसरीकडे फक्त 'पाहा'. गावांच्या नावबदलालाही हाच उपाय: मजकुरात अहमदनगर असेल तर आकडे तिथे ठेवा आणि 'अहिल्यानगर पाहा अहमदनगर' अशी एक ओळ द्या. डॉ., प्रा., कै. यांवरून क्रम लावू नका, 'डॉ.'खाली बारा माणसं जमलेल्या सूच्या छापल्या गेल्या आहेत.

मराठी पुस्तकांत सूची नसते याचं एक रोकडं कारण फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं, हे आहे. डेमी या पुस्तकाच्या आकारात १६ पानांचा फर्मा धरला तर २४० पानं म्हणजे १५ फर्मे. मजकूर २३६ पानांवर संपला की उरतात चार. अशा पुस्तकाला, दर शंभर पानांमागे तीन ते पाच या अंदाजाने, सात ते बारा पानांची सूची लागते. ती चार पानांत कोंबली की नोंदी तरी कापल्या जातात किंवा टाइप तरी मुंगीएवढा होतो. अर्धा फर्मा वाढवला तर नेमकी बारा पानं मिळतात, पण हे अंदाजपत्रकातच धरायला हवं. दोन स्तंभ, मजकुरापेक्षा दोन पॉइंट लहान टाइप. नऊ पॉइंटखाली जाऊ नका, जोडाक्षरं वाचता येत नाहीत.

प्रस्तावनेची पानं आपल्याकडे अनेकदा एक, दोन, तीन अशी अक्षरी क्रमांकित असतात. तिथली नोंद घ्यायची असेल तर सूचीतही 'सात' असंच लिहा, '७' नको. नाहीतर वाचक पहिल्या प्रकरणाच्या सातव्या पानावर जाईल. आणि तुमच्या मुद्रितांत पानाच्या माथ्यावर धावणाऱ्या मथळ्यातही 'अनुक्रमणिका' असणार. आठही पानांवर तो बदलून घ्या, पहिल्या पानावर बदलून बाकीच्यांवर तसाच राहतो.